वसंतारंभीचे पक्षिनिरीक्षण : पाणथळ, वन आणि नोंदीचे मोल

मराठी मनात वसंत आणि कोकीळ ह्यांची जोडी इतकी दृढ झालेली आहे की, कोकीळ हा वसंताबरोबर येणारा आणि वसंताबरोबर जाणारा पक्षी होय, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत कोकीळ बारमास वास्तव्य करतो. थंडीच्या महिन्यांत तो बहुधा मौन असतो, वड-पिंपळांच्या दाट पालवीत वावरतो, आणि म्हणून त्याचे अस्तित्व जाणवत नाही. फाल्गुनाच्या सुमारास त्याला कंठ फुटतो, आणि मग तो ‘आला’ असे म्हटले जाते. ह्याच सुमारास भोरड्यांचे, म्हणजे पळसमैनांचे, थवे पळसा-पांगाऱ्यांवर दिवसभर कलकलाट करीत असतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत हे थवे मध्य आशियाच्या वाटेला लागतात. परंतु त्यांच्या जाण्याची दखल क्वचितच कोणी घेतो. जो कोठून आलेलाच नाही त्याचे स्वागत होते, आणि जो खरोखर निघून गेला त्याचा निरोप राहून जातो.

लौकिक व्यवहारात ह्या विसंगतीने फारसे काही बिघडत नाही. परंतु एखाद्या प्रदेशातील पक्ष्यांची संख्या वाढली की घटली, हा प्रश्न ज्या शास्त्राला सोडवावयाचा आहे, त्याच्यापुढे हीच विसंगती मूलभूत अडचण म्हणून उभी राहते. पक्षी ‘असणे’ आणि पक्षी ‘आढळणे’ ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि त्यांतील अंतर वर्षाच्या इतर कोणत्याही काळापेक्षा फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चच्या अखेरपर्यंतच्या दोन महिन्यांत अधिक वेगाने बदलते. नेमक्या ह्याच काळात महाविद्यालयांच्या आणि पक्षिमित्रांच्या सहली एकीकडे पाणथळांकडे व दुसरीकडे वनांकडे निघतात. ह्या सहलींतून हाती येणाऱ्या याद्यांचा अर्थ कसा लावावा, आणि त्यांना शास्त्रीय पुराव्याचे मोल केव्हा प्राप्त होते, ह्याचा विचार येथे केला आहे.

ऋतूची कालगणना

परंपरेने चैत्र व वैशाख हे वसंताचे मास मानले जातात. तथापि दख्खनच्या पठारावर वसंताची चाहूल त्यापूर्वीच लागते. वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीस येते, हे ह्या अनुभवाशी सुसंगतच आहे. काटेसावर जानेवारीच्या उत्तरार्धापासून फुलू लागते, आणि तिच्यापाठोपाठ पांगारा व पळस फुलतात. होळी आणि पळस ह्यांचा संबंध तर लोकव्यवहारात सर्वश्रुत आहे.

परंतु लोकव्यवहाराची ही खूण शास्त्रीय नोंदीस पुरेशी नाही. होळी पौर्णिमा २०१८ साली १ मार्चला आली, आणि २०२१ साली २८ मार्चला. चांद्र मास व अधिक मास ह्यांच्या योगाने एकाच सणाच्या दोन तारखांत जवळजवळ चार आठवड्यांचे अंतर पडू शकते. पक्ष्याच्या शरीराचे कालमापन मात्र चंद्रावर नसून सूर्यावर अवलंबून असते. ‘होळीच्या सुट्टीतील सहल’ दरवर्षी ठेवणारी संस्था आपण प्रतिवर्षी एकाच ऋतुक्षणी निरीक्षण करीत आहोत असे मानीत असेल, तर ती आपली फसवणूक करून घेत असते. पुढील विवेचनातून दिसून येईल की, ह्या चार आठवड्यांचा परिणाम एखाद्या जातीच्या खऱ्या वाढीहून किंवा घटीहूनही मोठा असू शकतो.

दिनमान आणि पक्ष्याचे शरीर

वसंतारंभी पक्ष्यांत जे बदल घडून येतात, त्यांचे प्रमुख नियंत्रण दिवसाच्या लांबीकडे आहे, हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रयोगाने दाखविले गेले. विल्यम रोवन ह्या शास्त्रज्ञाने कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, ऐन हिवाळ्यात, जंको नावाच्या लहान पक्ष्यांना कृत्रिम प्रकाश देऊन त्यांचा दिवस क्रमाक्रमाने वाढविला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्याप्रमाणे वाढली. उष्णता नव्हे, तर प्रकाशाचा काल ही त्या बदलाची प्रेरणा होती, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

उत्तर अक्षांशांत दिनमानातील फरक फार मोठा असतो; महाराष्ट्रात तो मर्यादित आहे. भिगवणच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे १२ तासांचा असतो. तीन महिन्यांत एका तासाची ही वाढ मनुष्याच्या फारशी लक्षात येत नाही. पक्ष्याच्या शरीरास मात्र ती पुरेशी ठरते, कारण केवळ बाह्य प्रकाशच नव्हे तर एक आंतरिक वार्षिक लयही तेथे कार्य करीत असते. एबरहार्ड ग्विनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने वटवट्यांच्या जातींना प्रकाशाचे व अंधाराचे तास स्थिर ठेवलेल्या खोल्यांत दीर्घकाल सांभाळले. ऋतूची कोणतीही खूण न मिळताही त्या पक्ष्यांत पिसे झडणे, मेद साचणे आणि रात्री अस्वस्थ होणे ही चक्रे सुमारे वर्षाच्या अंतराने पुनःपुन्हा घडत राहिली. आंतरिक लय हे घड्याळ, आणि दिनमान हे त्या घड्याळाचे काटे जुळविणारे साधन, असा ह्या दोहोंचा संबंध सांगता येईल.

ह्या शारीरिक बदलांचे दोन भिन्न परिणाम मैदानात दिसतात. स्थलांतरित पक्ष्यांची भूक वाढते. त्वचेखाली मेदाचा साठा होतो, आणि काही लहान जातींचे वजन प्रयाणापूर्वी जवळजवळ दुप्पट होते. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी, तर एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. दूरच्या उड्डाणासाठी मेद हेच इंधन का, ह्याचा उलगडा त्यातच आहे. निवासी पक्ष्यांत मात्र हीच प्रेरणा गायन, क्षेत्ररक्षण व घरटे-बांधणी ह्या रूपांनी प्रकट होते. पाणथळावर पहिल्या वर्गाचे प्राबल्य असते, वनात दुसऱ्या वर्गाचे. म्हणून वसंतारंभीच्या दोन सहली ह्या एकाच विषयाच्या दोन पुनरावृत्ती नव्हेत. त्या परस्परविरुद्ध दिशांनी बदलणाऱ्या दोन दृश्यांच्या नोंदी होत.

पाणथळ : उतरते पाणी, निघते थवे

महाराष्ट्रातील पक्ष्यांनी समृद्ध अशी अनेक पाणथळे निसर्गनिर्मित नसून पाटबंधाऱ्यांची अपत्ये आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमानजीक विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधण्यात आला. गाळ साचत जाऊन त्याच्या जलाशयात उथळ दलदली व बेटे निर्माण झाली, आणि जलसंचयाच्या दृष्टीने जी हानी होती तीच पक्ष्यांच्या दृष्टीने समृद्धी ठरली. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाले. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या काठी, इंदापूर तालुक्यात, भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही गावे आज पक्षिनिरीक्षकांना परिचित आहेत.

उजनीचा एक विशेष अभ्यासकाने नीट समजून घ्यावयास हवा. ह्या जलाशयाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी उपयुक्त साठा सुमारे ५४ अब्ज घनफूट, म्हणजे निम्म्याहूनही कमी आहे. उरलेला मृतसाठा होय. त्यामुळे रब्बीची व उन्हाळी आवर्तने सुटून उपयुक्त साठा संपला, तरी मोठे जलक्षेत्र शिल्लक राहते. फक्त त्याची कड आत सरकते. जानेवारी ते मार्च ह्या काळात ही कड सतत सरकत असते, आणि तिच्यासह उघडा पडणारा ओला गाळ हेच तुतवार, शेकाट्या, पाणलावे आदी चिखलपक्ष्यांचे ताट असते. प्रत्येक जातीच्या चोचीची व पायांची लांबी वेगळी. म्हणून चिखलाच्या व पाण्याच्या खोलीनुसार त्यांचे पट्टे काठाला समांतर असे विभागलेले दिसतात. अगदी काठाशी धोबी व छोटे चिखल्ये, घोट्याएवढ्या पाण्यात तुतवार, त्यापलीकडे शेकाट्या, आणि त्याहूनही आत रोहित.

रोहित म्हणजे अग्निपंख. तो उजनीचा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा असला, तरी ऋतुमानाच्या अभ्यासास तो फसवा आहे. त्याचे प्रमुख भारतीय वीणक्षेत्र कच्छच्या रणात असून तेथील वीण पावसाच्या पाण्यावर अवलंबून असते. उत्तरेकडे जाणाऱ्या बदकांप्रमाणे त्याचे प्रयाण निश्चित नसते, आणि पाणी अनुकूल असल्यास तो ऐन उन्हाळ्यातही उजनीवर दिसतो. ज्या वर्षी जलाशय उशिरापर्यंत तुडुंब राहतो, त्या वर्षी उथळ पाण्याचा पट्टाच तयार होत नाही आणि रोहितांचे थवे अन्यत्र पांगतात. अशा वर्षीच्या कमी आकड्यावरून ‘रोहित घटले’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे पाण्याची नोंद पक्ष्यांच्या नावावर लिहिणे होय.

खरी स्थलांतरित बदके मात्र दिनमानाशी बांधलेली आहेत. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून जाणारा पट्टकादंब ह्यांचे थवे फेब्रुवारीत विरळ होऊ लागतात व मार्चमध्ये झपाट्याने ओसरतात. पट्टकादंबाचे ७,००० मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाण उपग्रह-संदेशकांच्या साहाय्याने नोंदविले गेले आहे. जाण्यापूर्वीचे त्यांचे रूप अभ्यासनीय असते. बहुतेक बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामातच जुळतात. त्यामुळे थव्यातल्या थव्यात नर-मादी एकत्र पोहू लागल्याचे दिसते. भुवई बदकाच्या नराची ज्यावरून त्याला हे नाव मिळाले ती पांढरी भुवई हिवाळ्याच्या पूर्वार्धात बहुधा नसतेच. ती ह्याच सुमारास प्रकट होते. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळाभर पांढरे असते, कानामागे केवळ एक गडद ठिपका असतो. मार्चमध्ये ते गडद होत जाते. पिवळ्या धोब्याचा मळका पिवळेपणा उजळू लागतो. थोडक्यात, पक्षी ओळखण्यास सर्वांत सोपे होतात तेव्हाच ते निघून जाण्याच्या बेतात असतात.

वन : उघड्या फांद्या, उघडे कंठ

पानझडी व अर्धसदाहरित वनांत परिस्थिती ह्याच्या उलट असते. पनवेल तालुक्यातील कर्नाळा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १९६८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या ह्या वनात सुळक्याच्या पायथ्यापासून वर चढत जाताना फेब्रुवारी-मार्चमध्ये साग व इतर पानझडी वृक्ष निष्पर्ण झालेले दिसतात, तर ओढ्याकाठची झाडी हिरवीच असते. निष्पर्णतेमुळे दृष्टीचा पल्ला वाढतो. वर्षाकाळात जे पक्षी केवळ आवाजावरून ओळखावे लागतात, ते उघड्या फांदीवर दिसू लागतात. त्याच वेळी निवासी पक्षी गाऊ लागलेले असतात. तांबटाची ठोक्याप्रमाणे अखंड चालणारी ‘टुक् टुक्’, कुटुरग्याची साद, दयाळाचे पहाटेचे गाणे, श्यामाची ओढ्याकाठची लकेर ही सारी ह्याच काळातील होत. मार्चच्या उत्तरार्धात पावशाची चढत जाणारी हाक ऐकू येऊ लागते. शेतकऱ्याने तिचा अर्थ ‘पेरते व्हा’ असा लावला असला, तरी पक्ष्याच्या दृष्टीने तो पेरणीचा नव्हे, तर स्वतःच्या वीणकालाचा पुकारा असतो.

फुललेले पळस, पांगारे व सावरी हे वनातील दुसरे निरीक्षणस्थान होय. ह्या तिन्ही वृक्षांची फुले मोठी, लाल वा केशरी आणि मकरंदाने समृद्ध असतात. सुगंधावर त्यांचा भर नसतो. पक्ष्यांना लाल रंग चांगला दिसतो, पण बहुतेकांचे घ्राणेंद्रिय तितके तीक्ष्ण नसते. ह्या दोन गोष्टी लक्षात घेता अशी फुले पक्ष्यांकरवी होणाऱ्या परागीभवनास अनुकूल असल्याचे स्पष्ट होते. एका फुललेल्या सावरीखाली तासभर थांबले असता भोरड्या, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, हळद्या अशा अनेक जाती एकाच झाडावर पाहावयास मिळतात. परंतु येथेही सावधगिरी हवी. फुललेले झाड आजूबाजूच्या मोठ्या परिसरातील पक्षी एका ठिकाणी ओढून आणते. त्या झाडावरील गर्दीवरून वनातील पक्ष्यांच्या दाटीचे अनुमान काढणे हे आठवडी बाजारातील गर्दीवरून गावाची लोकसंख्या ठरविण्यासारखे आहे.

मिश्र थव्यांचीही हीच गोष्ट. हिवाळ्यात निखार, सुभग, नाचण, वटवटे, सुतार, भृंगराज अशा जाती एकत्र होऊन वनातून शिकार करीत फिरतात. वसंत जवळ आला की निवासी पक्षी आपापली क्षेत्रे धरू लागतात आणि हे थवे विस्कळीत होतात. जानेवारीत दोन तास काहीच न दिसता एकदम तीस पक्ष्यांचा थवा भेटतो. मार्चमध्ये तेच पक्षी एकेकटे, वाटेवर विखुरलेले आढळतात. बेरीज एकच राहिली तरी अनुभव अगदी निराळा असतो, आणि घाईने लिहिलेल्या यादीत हा फरक संख्येचा फरक म्हणून उतरतो.

एक हिशेब

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टींचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका वनखंडात २० कोकीळ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यास तासाभराच्या फेरीत दहांपैकी ३ पक्षी आढळतात, आणि मार्चच्या मध्यास, गायन भरात आल्यामुळे, दहांपैकी ८ आढळतात, असे धरू. पहिल्या वर्षी सहल फेब्रुवारीच्या मध्यास झाली. यादीत ६ कोकिळांची नोंद झाली. पुढील पाच वर्षांत वनखंडाचा काही भाग तोडला गेला व कोकिळांची संख्या १२ वर आली. सहाव्या वर्षीची सहल परीक्षांच्या सोयीने मार्चच्या मध्यास ठेवण्यात आली. यादीत जवळजवळ १० कोकिळांची नोंद झाली. दोन्ही याद्या प्रामाणिक आहेत, निरीक्षकांच्या ओळखण्यात कोणतीही चूक नाही. आणि तरीही त्यांची तुलना केली असता खरी संख्या पाचांपैकी दोन हिश्शांनी घटलेली असताना कागदावर ती दीडपटीहून अधिक वाढलेली दिसते.

पाणथळावर ह्याच एका महिन्याच्या विलंबाचा परिणाम नेमका उलट होतो. तेथे तलवार बदकांची संख्या प्रत्यक्षात स्थिर असली, तरी फेब्रुवारीतील शेकड्यांची नोंद मार्चमध्ये मोजक्या पक्ष्यांवर येते आणि कागदावर ऱ्हास दिसतो. म्हणजे सहल उशिरा झाली की वनातील आकडा फुगतो आणि पाणथळातील आकडा आटतो. ज्या संस्थेच्या दोन्ही सहली दरवर्षी पुढेमागे होतात, तिच्या हाती दहा वर्षांनंतर पक्ष्यांचा नव्हे, तर सहलींच्या तारखांचा इतिहास येतो.

ह्याच कारणास्तव आशियाई जलपक्षी गणना, जी भारतीय उपखंडात १९८७ सालापासून चालू आहे, ती प्रतिवर्षी जानेवारीत घेतली जाते. ऐन हिवाळ्यात स्थलांतरित थवे आपापल्या मुक्कामी स्थिरावलेले असतात. वसंतारंभीची सहल त्या गणनेची जागा घेऊ शकत नाही. तिचे स्वतःचे कार्य वेगळे आहे : प्रयाण केव्हा सुरू झाले, कोणत्या क्रमाने झाले, निवासी जातींचे गायन कोणत्या आठवड्यात सुरू झाले, ह्या प्रश्नांची उत्तरे जानेवारीतील गणना देऊ शकत नाही, ती केवळ वसंतारंभीची, आणि तीही एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा केलेली, निरीक्षणेच देऊ शकतात.

नोंद कशी असावी

ह्या विवेचनावरून नोंदीच्या आवश्यक अंगांचा क्रम आपोआप ठरतो. पहिले अंग म्हणजे सौर तारीख व वेळ. दुसरे म्हणजे श्रम : किती वेळ, किती अंतर, किती निरीक्षक. दोन तासांत ४० जाती आणि सहा तासांत ५५ जाती ह्यांपैकी अधिक समृद्ध स्थळ कोणते, हे श्रमाच्या नोंदीविना सांगता येत नाही. तिसरे अंग म्हणजे यादीची संपूर्णता. ओळखलेली प्रत्येक जात, मग ती साळुंकी असो वा कावळा, यादीत आली पाहिजे. केवळ दुर्मीळ पक्ष्यांची यादी वाचनीय असते, परंतु तिच्यातील मौनाला काही अर्थ नसतो. संपूर्ण यादीत मात्र एखाद्या जातीची अनुपस्थिती हीसुद्धा माहिती ठरते. चौथे अंग संख्येचे. मोठा थवा मोजताना प्रथम दहा वा पन्नास पक्ष्यांचा एक गट डोळ्यांनी निश्चित करावा आणि त्या मापाने उरलेला थवा मोजावा. भोवत्याने झडप घातली की थवा उठून दुसऱ्या काठी बसतो, आणि तोच पुन्हा मोजला जाण्याचा संभव असतो. म्हणून थवा कोणत्या दिशेने गेला हे लिहून ठेवणे अवश्य होय.

पाचवे अंग परिस्थितीचे, आणि तेच सर्वांत उपेक्षित आहे. पाणथळावर पाण्याची पातळी, उघड्या गाळाचा विस्तार, त्यावरील गाळपेर, जाळी व होड्या ह्यांची नोंद हवी. वनात वृक्षांच्या पालवीची व फुलोऱ्याची अवस्था लिहिली पाहिजे. उजनीच्या काठी उघडी पडणारी जमीन ही चिखलपक्ष्यांची चरण्याची जागा असते, आणि तीच गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याच्या पिकाची जागाही असते. ह्या दोहोंचा संबंध विरोधाचा आहे की काही प्रमाणात सहवासाचा, हा संशोधनास योग्य असा प्रश्न आहे. परंतु गाळपेराची नोंदच नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचीही सोय राहत नाही.

नावांविषयी एक सूचना येथे आवश्यक वाटते. मराठीत एकाच पक्ष्यास प्रदेशपरत्वे अनेक नावे आहेत, आणि एकच नाव अनेक पक्ष्यांसही लावले जाते. वनाधिकारी म्हणून दीर्घकाल अरण्यात राहिलेले लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी ‘पक्षिकोशा’त ह्या नामसंपत्तीचे संकलन केले आहे. विद्यार्थ्याने स्थानिक नाव अवश्य टिपावे, कारण त्यात पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. परंतु त्यासोबत शास्त्रीय नावही लिहावे, नाही तर दुसऱ्या जिल्ह्यातील वाचकास कोणता पक्षी अभिप्रेत आहे हे कळणार नाही.

निरीक्षणाच्या मर्यादेचाही विचार व्हावयास हवा. निवासी पक्ष्यांच्या वीणकालाचा हा आरंभ असल्यामुळे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्षी पुढे आणणे वर्ज्य मानले पाहिजे. क्षेत्ररक्षण करणारा नर त्या आवाजास प्रतिस्पर्धी समजतो व अन्नशोध सोडून त्याच्यामागे शक्ती खर्च करतो. पाणथळावर होडी थव्यात घालून पक्षी उडविणे हेही तसेच. उत्तरेच्या प्रवासासाठी मेद साठविणाऱ्या पक्ष्याचे प्रत्येक अनावश्यक उड्डाण हा त्या साठ्यातील खर्च असतो.

याद्यांचे भवितव्य

अशा विखुरलेल्या याद्यांचा उपयोग काय, ही शंका पूर्वी रास्त होती. १९४१ साली सालिम अली ह्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर हौशी निरीक्षकांची संख्या वाढत गेली. १९५९ ते १९७३ ह्या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा उपक्रम चालविला आणि स्थलांतराच्या दिशा स्पष्ट झाल्या. परंतु सामान्य निरीक्षकाची वही बहुधा त्याच्या कपाटातच राहत असे. ती स्थिती आता पालटली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांनी नोंदविलेल्या ३ कोटींहून अधिक निरीक्षणांवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींत घट आढळली. १७८ जातींना संरक्षणाचे उच्च प्राधान्य देण्यात आले. वनाच्या कडेला व माळावर एके काळी सहज दिसणाऱ्या नीलपंखाची घट चिंताजनक ठरली. उलट कोकीळ व मोर ह्यांची स्थिती चांगली असल्याचे दिसले.

कोकिळाविषयीचा हा निष्कर्ष विशेष बोलका आहे. जो पक्षी मार्चमध्ये अकस्मात वाढल्यासारखा भासतो, त्याच्या खऱ्या वाढीविषयी काही विधान करता आले, ते एवढ्यासाठी की असंख्य याद्यांत श्रमाची व तारखेची नोंद होती, आणि आढळण्यातील बदल वेगळा काढून असण्यातील बदलाचा अंदाज घेणे त्यामुळे शक्य झाले. ज्या ठिकाणी अशा नोंदी अपुऱ्या असतात, तेथील जातींविषयी निश्चित काही म्हणता येत नाही. त्या जाती सुरक्षित आहेत असा त्याचा अर्थ होत नाही.

ह्यात पदव्युत्तर विद्यार्थ्याचा वाटा दुहेरी आहे. विभागाच्या वार्षिक सहलीसाठी एक पाणथळ व एक वनखंड कायम निश्चित करून, दोहोंना फेब्रुवारीच्या दुसऱ्या आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, ठरलेल्या वाटेने व ठरलेल्या वेळात भेट देणे हे कोणत्याही विभागास अशक्य नाही. वर्षातून चार फेऱ्या, प्रत्येकी तीन तास, एवढाच तिचा खर्च आहे. विद्यार्थी दोन वर्षांत पदवी घेऊन जातो. एका विद्यार्थ्याच्या नोंदी चार-आठ पानांपलीकडे जात नाहीत. विभाग मात्र टिकून राहतो, आणि वीस तुकड्यांची पाने एकाच पद्धतीने लिहिलेली असली, तर ज्या काळात पाण्याची आवर्तने, शहरांचा विस्तार व ऋतुमान ही तिन्ही बदलत आहेत, त्या काळातील एका स्थळाचा विश्वसनीय वृत्तांत हाती येतो. तो पुढे केव्हा तरी लिहून काढता येत नाही. ह्या वर्षीच्या फेब्रुवारीत उजनीवरून किती तलवार बदके केव्हा उठली, हे ह्याच वर्षी पाहिले तरच कळते.